आहेराच्या कापडाची पिकअप

ब्लाऊजपीस शिवायचे नसतात, फिरवायचे असतात. आमच्या उदगीरकडं हे कुण्या बाईला शिकवावं लागत नाही. कार्याला जायचं, आहेर घ्यायचा, घरी येऊन रंग बघून नाक मुरडायचं आणि घडी न मोडता कपाटात टाकायचा. पुढचं कार्य आलं की त्यातलाच एक काढून दुसरीला द्यायचा. जिनं दिला तिलाच परत जाऊ नये, एवढं फक्त ध्यानात ठेवायचं. बाकी सगळं माफ.

मी अंगणवाडीत सेविका. आमच्या भागातल्या निम्म्या लेकरांना मी माझ्या हातानं खिचडी चारलीय. त्यामुळं बारसं असो, घरभरणी असो, साखरपुडा असो नाहीतर कुणाच्या बापाची रिटायरमेंट असो, मला बोलावणं ठरलेलं. जिथं बोलावणं तिथं आहेर. कपाटाचा खालचा कप्पा भरला, मग वरचा भरला, मग पलंगाखाली पत्र्याची पेटी आली. सुती, पॉलिस्टरचे, चमकीचे, ठिपक्यांचे, काठाचे, नुसती गर्दी. आमचे हे म्हणायचे, "ह्या घरात माणसं कमी अन् ब्लाऊजपीसच जास्त राहून राहिले."

मी म्हणायचे, "आणि तुमची ती पिकअप? तिनं तर अख्खं अंगण बळकावलं."

पिकअप म्हणजे जुन्या जीपच्या घराण्यातली. लांब नाकाची, गोल दिव्यांची, मागं लोखंडी हौदा. आजकालच्या पोरांना ती दिसली की फोटो काढायचा असतो. ह्यांनी ती ऐन जवानीत घेतली आणि चालवत चालवत म्हातारे झाले. खेड्यापाड्यातली तूर, हरभरा, सोयाबीन भरून मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात आणायचं, जाताना खताची पोती न्यायची, हेच काम. सरकारी दवाखान्यातून आमची लेक घरी आली तीसुद्धा ह्याच गाडीत, माझ्या मांडीवर. ह्यांनी गाडी इतकी हळू चालवली की मागून एक बैलगाडी पुढं निघून गेली होती.

मग ह्यांच्या मणक्यात गॅप निघाला. डॉक्टर म्हणाले, क्लच विसरा. तेव्हापासून पिकअप अंगणात आणि हे ओट्यावर, दोघंही एकमेकांकडं बघत बसायचे.

आता लेकीचं सांगते, कारण खरं भांडण तिथंच होतं. ती शेतीचं शिकली आणि निलंगा रस्त्याला भाड्यानं जागा घेऊन रोपवाटिका टाकली. मिरची, टमाटे, वांगी, केशर आंबा, सीताफळ. रोपं चांगली असतात, लोक लांबून मागतात. मागणीची रोपं ती आमच्या दारात आणून ठेवते, पण पुढं पोचवायला भाड्याचा टेम्पो. टेम्पोवाला सकाळी येतो म्हणायचा आणि दुपारी यायचा, तोवर मिरचीची रोपं माना टाकायची आणि आमची लेक रागानं लाल व्हायची. गाडी दारात उभी, तिला चालवता येते, आणि बाप चावी देत नव्हता.

बरं, शिकवली कुणी? ह्यांनीच. ती कॉलेजात असताना मोकळ्या खळ्यावर तिला चालवायला बसवलं होतं, आणि ती पहिल्यांदा वळली तेव्हा कौतुकानं गावभर सांगत फिरले होते. पण खळ्यावर चालवणं वेगळं आणि धंद्यासाठी चालवणं वेगळं, असं ह्यांचं म्हणणं.

"मी जन्मभर स्टेअरिंगला लटकलो," हे म्हणायचे. "धाब्यावर जेवलो, हौद्यात झोपलो. तू शिकली ती हेच करायला का?"

"मी धाब्यावर कशाला जेवू? डबा नेईन," ती म्हणायची.

"डब्याचं न्हाई बोलून राहिलो मी."

"मग कशाचं बोलून राहिले?"

मग दोघंही माझ्याकडं बघायचे, जसं काही मणका माझाच आहे आणि रोपंही माझीच. बापलेक दोघं एकाच मातीचे, हट्टाला कुणी कमी नाही. मधल्या मधे माझं सरबत व्हायचं.

असं चालू असताना एक दिवस ह्यांनी जाहीर केलं की पिकअप विकायची. नांदेडचा एक हॉटेलवाला होता. हायवेवर त्याचं नवीन हॉटेल, आणि पुढं शोभेला त्याला एक जुनी गाडी उभी करायची होती. पोरं येतील, आत बसून फोटो काढतील, मग जेवतील, असा त्याचा हिशोब. तोंडी सगळं ठरलं. त्याची एकच अट होती. गाडी आतून पार फाटलीय, तेवढी रंगीत कापडानं मढवून द्या, गावरान दिसलं पाहिजे.

"तुझ्याकडं लई कापड पडलंय," हे मला म्हणाले.

माझं डोकं सणकलं. "पोटच्या पोरीला न्हाई अन् हॉटेलाला देता?"

"हॉटेलापुढं नुसती उभी राहील," हे म्हणाले. "कुणी चालवणार न्हाई, कुणी ठोकणार न्हाई."

म्हणाले तसे लगेच उठून आत गेले. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला राग नाही, भीती आहे. पण कळून काय उपयोग? पोरीला रोपांसाठी गाडी पाहिजे होती, आणि बापाला पोरगी रस्त्यावर नको होती. दोघांचंही मला पटत होतं, आणि हेच सगळ्यात वाईट.

शेवटी मी कापड काढलं. खरं सांगू का, एक तर माझी पेटी रिकामी होणार होती. आणि दुसरं म्हणजे, गाडी अंगणातून गेली की भांडणही जाईल असं मला वाटलं. लेकीनं पेटी उघडलेली बघितली आणि म्हणाली, "मम्मी, तू पण त्यांच्याच बाजूनं?" त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. ते मला लई लागलं.

बसस्टँडजवळ कुशनचं काम करणारे एक भाई आहेत. त्यांचे वडील, आजा, सगळे ह्याच धंद्यातले, आमच्या घरी त्यांचं येणं-जाणं. ते हत्यारं घेऊन अंगणात आले. आधी डॅशबोर्डवरची बुद्धाची छोटी मूर्ती त्यांनी स्वतः काढली, कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली, आणि मगच कामाला हात घातला. जुनं रेक्झिन सोललं तर सीटखाली काय निघावं? माझा कंगवा, लेकीची लहानपणीची चप्पल, मूठभर तूर, आणि एका हरभऱ्याला मोड आलेला. भाई म्हणाले, "भाभी, सीट कशाला करता, इथं शेतीच करा."

माझे ब्लाऊजपीस त्यांनी बोटांत धरून ओढून बघितले आणि मान हलवली. "ह्याच्यावर माणूस बसला की टर्र. सीटला माझ्याकडचं सोफ्याचं जाड कापड लावू. दरवाजे अन् छत तुमचं." मग त्यांनी दरवाजांच्या आतले पुठ्ठे काढले, फाटकं कव्हर उसवून मला दिलं, आणि म्हणाले, "ह्याच मापानं शिवा, पण चारी बाजूनं बोटभर जास्त ठेवा, मागं दुमडायला लागतं."

ब्लाऊजपीस केवढासा. अख्खं छत एका तुकड्यात बसणार कसं? म्हणून मी वाकळ शिवतो तसं केलं. खाली जुनी चादर, वर तुकडे जोडून, आणि सगळीकडून धावदोरा. फरशीवर सगळे तुकडे पसरले आणि चांगले चांगले छताला काढले. बरे होते ते दरवाजांना. आणि जे कुणी दिले तेव्हाच मी तोंड वाकडं केलं होतं, ते खाली, क्लच-ब्रेकच्या आजूबाजूला, जिथं पाय लागतात. माझी मीच पाठ थोपटून घेतली. कापडाला कापड म्हणून बघितलं, इथंच सगळा घोटाळा झाला. पण ते नंतर.

एक दिवस लेक रोपवाटिकेतून आली, हातपाय धुतले, आणि माझ्या डोक्यावर उभी राहून बघायला लागली. जरा वेळानं खाली बसली, एक पोपटी तुकडा उचलला, जांभळ्याच्या शेजारी ठेवला. तिथं तो खरंच उठून दिसत होता. मग तिनं सुई ओवली आणि छताचा मधला भाग शिवायला घेतला. जी गाडी तिला मिळणार नव्हती तिचं छत पोरगी शिवत होती, टाका न् टाका सारखा. मी म्हणाले, "राहू दे, मी करते." ती म्हणाली, "वाकडं शिवशील." एवढंच. मला रडू आलं, पण तिच्यासमोर रडले असते तर तिनं सुई ठेवून दिली असती, म्हणून मी चहाला उठले.

छत लावायचा दिवस म्हणजे तमाशाच. भाईंनी पत्र्याला चिकट सोल्युशन फासलं, आणि मी आणि लेक सीटवर वाकून दोन्ही हातांनी वाकळ वर धरून उभ्या. भाई मधून कडेकडं दाबत जायचे. हात भरून आले. मी जरा ढिली सोडली आणि सगळं आमच्या डोक्यावर आलं. अंधारात तिघंही चिकटलो. भाई आतून म्हणाले, "भाभी, हलू नका, माझी दाढी आहेरात गेली." लेक इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि तिचं हसू थांबेना. ओट्यावरून हे ओरडत होते, "काय झालं? काय झालं?" कुणी सांगायलाच तयार नाही. भाईंची दाढी खोबरेल तेल लावून सोडवली. कापड मात्र दुसऱ्या खेपेला असं बसलं की एक सुरकुती नाही.

झालं तेव्हा गाडी आतून अशी दिसत होती, जसं साध्या माणसानं सदऱ्याच्या आत जरीचं अस्तर लावावं. हे आले, दार उघडून बघितलं, "हाय चांगलं," एवढंच म्हणाले. मग स्टेअरिंगमागं बसले आणि चावी न लावता बराच वेळ बसून राहिले. मी हाक मारली नाही.

आता घोटाळा. सगळ्यात आधी शेजारीण आली बघायला. दरवाजावर हात फिरवत म्हणाली, "हा तर माझा. तुमच्या घरभरणीला दिलेला." मी म्हणाले, "हो का?" मला काय ठाऊक कुणाचा कुठला. ती खूश झाली आणि जाऊन चौघींना घेऊन आली. मग काय, आमच्या अंगणात बायकांची रांग. जी ती आपला तुकडा शोधायला लागली. जिचा छताला सापडला ती मान वर करून निघायची. जिचा सापडला नाही ती मला विचारायची, "आमचा आवडला न्हाई वाटतं?"

माझी जाऊ दोन घरं सोडून राहते. ती आली, वाकली, आणि तिला आपला तुकडा क्लचखाली सापडला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझा आहेर पायाखाली?"

"अगं, तिथं सगळ्यात टिकाऊ कापड लागतं," मी म्हणाले. "बाकीच्यांचं दोन दिवसांत फाटलं असतं."

तिला ते निम्मं पटलं. निम्मं तिनं मनात ठेवलं, ते कधी निघेल तेव्हा निघेल.

त्या पोपटी तुकड्यावर तर तिघींनी हक्क सांगितला. मला तो माझ्या माहेरी, हिमायतनगरला एका बारशात मिळाला होता. जाऊ म्हणाली, तो मी शेजारणीला दिलेला. शेजारीण म्हणाली, मी तो माझ्या नांदेडच्या मावशीला दिला. आणि ती मावशी हिमायतनगरच्या त्याच बारशाला आली होती, हे मला तेव्हा आठवलं. म्हणजे कापड दोन जिल्ह्यांना वळसा घालून घरी आलं होतं, घडीही न मोडता. आम्ही तिघींनी विषय तिथंच सोडला, कारण जास्त चौकशी कुणालाच परवडणारी नव्हती.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग निलंग्याहून आक्का आल्या. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. आईमागं ह्यांना त्यांनीच वाढवलं. जगात हे कुणाला भीत असतील तर आक्कांना. एसटीतून उतरल्या, पिशवी ओट्यावर टाकली, पाणीही न पिता पिकअपमध्ये चढून बसल्या. वर बघितलं. अगदी ड्रायव्हरच्या डोक्यावर इरकली काठाचा गडद तुकडा होता.

"हा माझा," आक्का म्हणाल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण त्यांचा चेहरा उजळला. "भावजयीनं माझं कापड डोक्यावर धरलं. भाऊ, बघितलं का?"

"बघितलं," हे म्हणाले.

"आता ही गाडी कुणाची?"

"नांदेडच्या हॉटेलवाल्याची. उद्या येऊन राहिला तो न्यायला."

आक्कांनी तो इरकली काठ बोटांनी चाचपला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तू आहेर विकून राहिला."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडं आहेर दुसऱ्याला देता येतो, वर्षानुवर्षं पेटीत ठेवता येतो, उंदरांनी कुरतडला तरी कुणी विचारत नाही. पण विकायचा नसतो. ज्याचं घर पार बसलं तो भांडी विकेल, दागिने विकेल, पण आहेर विकला असं कुणी ऐकलेलं नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. आणि मी माझ्या हातानं अख्ख्या भावकीचा आहेर एका विकाऊ गाडीला चिकटवून बसले होते, तोही पक्क्या सोल्युशननं.

"मी गाडी विकून राहिलो, कापड न्हाई," हे म्हणाले.

"मग कापड काढ. ज्याचं त्याच्या घरी नेऊन दे. माझं मी घेऊन जाईन."

आक्का आत गेल्यावर हे माझ्याकडं वळले. "तू मुद्दाम केलं."

"मुद्दाम करायची अक्कल असती," मी म्हणाले, "तर तुमच्यासंगं संसार केला असता का?"

संध्याकाळपर्यंत फोनवर फोन. नांदेडची मावशी, हिमायतनगरची माझी वहिनी, सगळ्यांना खबर लागली. सगळ्यांचं एकच, "आमचा आहेर विकून राहिले म्हणं." हे फोन उचलून माझ्या हातात द्यायचे. लेक मात्र रोपांना पाणी घालून आली, जेवली, झोपली. तिला आता कशाची आशा नव्हती, असं तिच्या पाठीकडं बघून मला वाटलं.

सकाळी हॉटेलवाला आला, सोबत एक ड्रायव्हर. तरणा, हसतमुख माणूस. दार उघडलं आणि खूशच झाला. पण बाजूच्या सीटवर आक्का. मांडीवर परात, परातीत भुईमुगाच्या शेंगा, आणि आक्का निवांत शेंगा फोडून राहिल्या होत्या.

"मावशी, जरा उतरता का? फोटो घ्यायचाय."

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "आहेर जिकडं, तिकडं देणारी."

"कसला आहेर?"

मग आक्कांनी शेंग हातात धरून एकेक तुकडा दाखवायला सुरुवात केली. हा माझा, हा हिच्या जावेचा, हा शेजारणीचा, हा भाईंच्या घरचा. हॉटेलवाल्याचं हसू बारीक होत गेलं. त्यानं दरवाजावरचा हात काढून घेतला.

"काका, हे आधी सांगायचं न्हाई का?" तो ह्यांना म्हणाला. "माझी आई गल्ल्यावर बसती. लोकांचा आहेर मी विकत आणला असं तिला कळलं, तर ती हॉटेलात पाऊल ठेवायची न्हाई."

ह्यांनी भाईंना बोलावून घेतलं. कापड निघेल का विचारलं. भाईंनी छताला नख लावून बघितलं. "निघेल. पण चिंध्या होऊन निघेल. लोकांच्या आहेराच्या चिंध्या मी माझ्या हातानं न्हाई करणार, तुम्ही दुसरा माणूस बघा."

हॉटेलवाला काही वाईट माणूस नव्हता. चहा प्याला, आक्कांच्या परातीतले शेंगदाणे खाल्ले, आणि रिकाम्या हातानं कशाला जायचं म्हणून लेकीकडून हॉटेलापुढं लावायला आंब्याची रोपं घेऊन गेला. लेकीनं ती स्वतः त्याच्या गाडीत ठेवली, पाणी कसं घालायचं ते सांगितलं. तिचे हात मातीनं भरलेले होते. दारात बाकीची रोपं क्रेटमध्ये भरून ठेवलेली, निलंग्याकडच्या एका शेतकऱ्याला द्यायची होती. टेम्पोवाला नेहमीसारखा आला नव्हता.

हे ओट्यावर बसले. चावी हातात फिरवत होते.

"भाऊ," आक्का गाडीतूनच म्हणाल्या, "आहेर विकत न्हाईत. ठेवूनही सडतो. मग त्याचं काय करतात?"

"देतात," हे म्हणाले. आणि लगेच, "पण कार्य कुठं हाय? कार्याबिगर आहेर कसा देऊ?"

"पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहिली. तुला अजून कुठलं कार्य पाहिजे?"

ह्यांनी लेकीकडं बघितलं. ती क्रेट उचलायला वाकली होती, तशीच थांबली.

"मला भ्या वाटतं," हे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी ह्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "ह्या काचेतून मी लई अपघात बघितले. माणसं उचलली, हौद्यात घालून दवाखान्यात नेली. तू त्या रस्त्यावर नको वाटती मला. दुसरं काही न्हाई."

लेक सरळ उभी राहिली. "मला पण भ्या वाटतं पप्पा," ती म्हणाली. "म्हणून तर मी हळू चालवते. तुम्हीच शिकवलं तसं."

हे उठले आणि आत गेले. मला वाटलं झालं, आता दार लावून बसतील. पण मोरीतून पाण्याचा आवाज आला. तोंड धुतलं, विहारात जाताना घालतात तो पांढरा सदरा घातला, केस विंचरले, आणि चावी दोन्ही हातांवर ठेवून बाहेर आले. आक्का परात बाजूला ठेवून गाडीतून उतरल्या आणि लग्नात माईकवर आहेर पुकारतात तशा आवाजात म्हणाल्या, "नवरीच्या न्हाई, मालकिणीच्या वडिलांकडून, एक पिकअप."

आहेर घेताना एकदा तरी नको म्हणायचं असतं. कशाला, राहू द्या, एवढं कशाला, असं म्हणत हात मागं घ्यायचा, मग समोरच्यानं आग्रह करायचा, मग घ्यायचं. लेकीनं हात स्वतःच्या कुर्त्याला पुसले आणि चावी सरळ उचलली.

"अगं, एकदा तरी न्हाई म्हण," आक्का म्हणाल्या.

"आत्या, न्हाई ऐकून ऐकून माझे कान किटले," ती म्हणाली. सगळे हसले. ह्यांचं तोंड मात्र वेडंवाकडं झालं आणि हे दुसरीकडं बघायला लागले.

बुद्धाची मूर्ती मी कपाटातून काढून डॅशबोर्डवर ठेवली. भाईंनी आणि लेकीनं रोपांचे क्रेट हौद्यात लावले. हे सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडलं, आणि तिथंच थांबले. मग दार तसंच उघडं ठेवून पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले. ती माझी जागा, मी आधीच चढून बसले होते. मी मध्ये सरकले. लग्न झाल्यापासून मी गाडीत मध्ये कधी बसले नव्हते, दोन्हीकडून दाबली गेले, पण तक्रार कुणापुढं करायची?

लेकीनं गाडी चालू केली. एकदा घुरघुरली, खोकली, आणि लागली. आक्का ओट्यावरून बघत होत्या, जाऊही आली होती. गल्लीतून बाहेर पडलो. निलंगा रस्त्याला लागलो तसे हे काचेला चिकटून समोर बघायला लागले, स्वतःच चालवत असल्यासारखे. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. लेकीनं गाडी वेळेत डाव्या अंगाला घेतली, हळू केली. आणि मला माझ्या पायाशी धप् असा आवाज आला. ह्यांनी पाय जोरात दाबला होता, मोकळ्या पत्र्यावर.

ट्रॅक्टर गेला. पुढं वळण आलं, परत धप्. तिसऱ्यांदा एक कुत्रं आडवं गेलं, परत धप्. लेक समोर बघत चालवत होती.

"पप्पा," ती म्हणाली, "ब्रेक इकडं हाय."

ह्यांनी पायाखालच्या पत्र्याकडं बघितलं.

"हाव," म्हणाले. "तुझ्याकडंच हाय."

मग हळूहळू, कंबर सांभाळत, ह्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले.